हातोहात

मॅसॅच्युसेट्समधलं केंब्रिज, १९६० चं दशक. एक बाई रस्त्यानं चालल्या होत्या. नवरा तिथं धर्मशास्त्र शिकत होता. तिथल्याच एका संस्थेतले अध्यापक समोरून आले आणि त्यांनी बाईंच्या हाती एक तपकिरी पाकीट ठेवलं. बाईंना वाटलं, आपलंच काही हरवलेलं परत मिळतंय. पाकीट कुणाकुणाच्या हातून आलं त्याची आतली यादी वाचल्यावर उलगडा झाला. पाकीट निघालं होतं कॅन्ससमधल्या एका गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडून. त्यानं ते गावच्या पाद्रीबाबांकडे दिलं, पाद्रीबाबांनी केंब्रिजमध्ये शिकवणाऱ्या आपल्या ओळखीच्या पाद्रीला धाडलं, आणि त्यांनी बाईंना गाठलं. दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर, मध्ये दोनच माणसं, आणि वेळ लागला चार दिवस!

ओळखीओळखीतून अनोळखी माणसापर्यंत पाकीट पोचवण्याचा हा प्रयोग हार्वर्डमधले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांचा. १९६७ साली त्यांनी तो एका नियतकालिकात वाचकांपुढे ठेवला. अट एकच पण कडक होती: ज्याच्याकडे पोचवायचं, तो ओळखीचा नसेल तर पाकीट थेट त्याला पाठवायचं नाही. ज्याला आपण नावानं हाक मारतो, अशा कुणाकडे तरी ते सरकवायचं, आणि हार्वर्डला तसं एक कार्ड टाकायचं.

दुसऱ्या फेरीत पोचायचं होतं बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या एका शेअर दलालापर्यंत. तो राहायचा शेरॉन नावाच्या गावात. २९६ जणांना पाकिटं दिली. त्यातले शंभर बॉस्टन परिसरातले, बाकीचे दूरच्या नेब्रास्कातले. २१७ जणांनी ती खरोखर पुढे सरकवली आणि ६४ पोचली. मधल्या माणसांची सरासरी निघाली ५.२. पण मला जास्त भुरळ पडते ती एका लहानशा तपशिलाची. दलालाच्या घरी आलेल्या २४ पाकिटांपैकी १६ एकाच माणसाच्या हातून आली होती, गावातल्या कपड्यांच्या दुकानदाराच्या. आपल्या दुकानावरून एवढ्या वाटा जातात, हे त्याला कधी स्वप्नातही आलं नसेल.

ही कल्पना मिलग्रॅमच्याही आधीची. हंगेरीतले लेखक फ्रिजेश करिंथी यांनी १९२९ मध्येच एका कथेत पाच ओळखींच्या साखळीतून जगातल्या कुणापर्यंतही पोचण्याचा डाव मांडला होता.

वरवर पाहिलं तर हिशेब सोपा. मी शंभर माणसं ओळखतो, त्यातला प्रत्येक जण आणखी शंभर ओळखतो. पाचव्या पावलाला आकडा हजार कोटींवर जातो, जगाच्या लोकसंख्येच्याही पलीकडे. पण हा हिशेब फसवा आहे. माझे शंभर जण बहुतेक एकमेकांनाही ओळखतात. एकाच आळीतले, एकाच कचेरीतले, एकमेकांच्या घरच्या लग्नांत जेवलेले. मी पाच पावलं टाकीन आणि फिरून माझ्याच अंगणात येईन. मग माणूस आपल्या गोतावळ्यात इतका घट्ट गुरफटलेला असूनही जग लहान कसं?

डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या संशोधकांनी १९९८ मध्ये याचं सुंदर उत्तर दिलं. हजार माणसं गोल उभी आहेत असं समजा. प्रत्येक जण डावीकडच्या पाच आणि उजवीकडच्या पाच जणांना ओळखतो. अगदी समोरच्या माणसापर्यंत पोचायला शंभर पावलं लागतात. आता शंभरातली एखादीच ओळख सोडवा आणि तिचं दुसरं टोक वर्तुळात कुठंतरी दूर नेऊन बांधा. गोतावळे जवळपास तसेच घट्ट राहतात, पण पावलांची सरासरी धाडकन खाली येते. आळीतली एक मुलगी दूर देशी नांदायला गेली, की सगळी आळीच त्या देशाच्या जवळ येते, तसंच हे.

कामाला येतात त्या बहुधा अशाच पातळ ओळखी. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं, की ती व्यक्ती तेव्हा तुम्हाला कितीदा भेटत असे? वरचेवर, असं सांगणारे जेमतेम १७ टक्के होते. बाकीच्यांना नोकरी लागली ती कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्यांमुळे.

तरीही एक कोडं उरतंच, आणि मला तेच सगळ्यात अद्भुत वाटतं. वाट असणं वेगळं आणि ती सापडणं वेगळं. त्या शेतकऱ्याकडे ओळखींचा नकाशा थोडाच होता? बाईंचा नवरा धर्मशास्त्र शिकतो, म्हणजे आपले पाद्रीबाबा बरे, एवढंच त्यानं ताडलं. गाडीत शेजारी बसलेला माणूस आपल्याला 'मूळ गाव कुठलं?' असं विचारतो आणि दोन स्टेशनांत मामेभावाच्या साडूपर्यंत पोचतो, तीच ही नजर. जॉन क्लाइनबर्ग यांनी २००० मध्ये गणितानं दाखवलं, की प्रत्येक जाळ्यात ही नजर चालत नाही. माणसं चौकटींच्या जाळीवर मांडलेल्या त्यांच्या नमुन्यात दूरच्या ओळखी अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात विरळ होत गेल्या, तरच फक्त आपल्यापुरतं पाहणाऱ्याला जवळची वाट गवसते. दूरच्या ओळखी सगळीकडे सारख्याच विखुरल्या, तर वाट जवळून जात असूनही माणूस चुकत राहतो.

मिलग्रॅमचा पुरावा मात्र तोकडा होता, हे सांगायलाच हवं. ज्युडिथ क्लाइनफेल्ड यांनी पुढे मिलग्रॅमची जुनी कागदपत्रं उघडली. कॅन्ससच्या त्या पहिल्या फेरीत निघालेल्या साठांपैकी अवघी तीन पाकिटं पोचली होती. २००३ मध्ये पीटर डॉड्स, रोबी मुहम्मद आणि वॉट्स यांनी ईमेलवर तोच खेळ मांडला. १३ देशांतली १८ माणसं गाठायची होती, त्यात भारतातला एक तंत्रज्ञान सल्लागारही होता. २४ हजारांहून जास्त साखळ्या सुरू झाल्या, पोचल्या ३८४.

उरलेल्या मध्येच तुटल्या. ज्यांच्या हाती त्या थांबल्या, त्यांना कारण विचारलं होतं. पुढे कुणाला पाठवावं हेच सुचलं नाही, असं सांगणारे हजारात तीनसुद्धा नव्हते.