युनियनच्या विरोधाने मंत्री पडतो का?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी मंत्रिपदासाठी सुचवलेल्या नावावर सिनेटची मोहोर लागते. आपल्याकडे पंतप्रधानांच्या सल्ल्याने राष्ट्रपती मंत्री नेमतात. नावावर मतदान होत नाही. त्यामुळे तिथल्या कामगार संघटनांच्या विरोधाबद्दल इथे बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : संघटनांनी ठरवलं की नाव बाद.

वस्तुस्थिती : त्यांना नकाराधिकार नाही. २०१७ मध्ये बेट्सी डेव्हॉस यांच्या शिक्षणमंत्रिपदाला शिक्षकांच्या दोन्ही मोठ्या संघटनांनी कडाडून विरोध केला. दोन रिपब्लिकन सिनेटर विरोधात गेल्या, मतं ५०-५० झाली आणि उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्या मताने डेव्हॉस मंत्री झाल्याच.

गैरसमज : मग अँड्र्यू पझ्डर यांना तरी संघटनांनीच पाडलं.

वस्तुस्थिती : अर्धंच खरं. कार्ल्स ज्युनियर आणि हार्डीज या बर्गरच्या साखळ्या चालवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना डोनाल्ड ट्रम्प यांनी कामगारमंत्रिपदासाठी निवडलं होतं. किमान वेतनात मोठी वाढ आणि ओव्हरटाइमचे वाढीव हक्क यांना त्यांचा जाहीर विरोध होता. वेतनाचे कायदे ज्या खात्याने राबवायचे, ते अशा माणसाच्या हाती कसं द्यायचं, हा संघटनांचा प्रश्न होता. मला तो आजही रास्त वाटतो. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच अडकलेलं होतं. फास्ट फूड कामगारांनी त्यांच्याच दुकानांसमोर निदर्शनं केली. सुनावणी पुन्हा पुन्हा लांबत गेली आणि तेवढ्या काळात इतर गोष्टी बाहेर आल्या : कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित बाईला त्यांनी घरकामाला ठेवलं होतं, आणि माजी पत्नीने पूर्वी केलेले, नंतर मागे घेतलेले मारहाणीचे आरोपही पुन्हा चर्चेत आले. पझ्डर यांनी ते आरोप नेहमीच नाकारले. शेवटी स्वपक्षाचेच सिनेटर मागे हटले आणि १५ फेब्रुवारी २०१७ रोजी, सुनावणीच्या आदल्या दिवशी, त्यांनी माघार घेतली. संघटनांनी प्रश्न धगधगत ठेवला. निकाल लावला तो रिपब्लिकनांच्या मतांच्या गणिताने.

गैरसमज : रिपब्लिकन नाव म्हटलं की युनियनचा विरोध ठरलेलाच.

वस्तुस्थिती : २०२५ मध्ये लोरी चावेझ-डिरेमर यांना ट्रकचालकांच्या टीमस्टर्स संघटनेने पाठिंबा दिला. संघटना बांधणं सोपं करणाऱ्या विधेयकाला त्यांनी पूर्वी साथ दिली होती. नेमक्या त्याच कारणाने रिपब्लिकन सिनेटर रँड पॉल त्यांच्या विरोधात गेले. तरीही ६७ विरुद्ध ३२ मतांनी त्या कामगारमंत्री झाल्या.