अळी सरावत नाही

गुलाबी बोंडअळीचा विषय निघाला की कापूसपट्ट्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: "अळी बीटीला सरावली." मला हे वाक्य खटकतं. एकेकटी अळी बीटीला सरावत नाही. ती मरते किंवा जगते. बदलते ती पुढची पिढी.

बीटी कपाशीत एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं, त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन बनवतं. अळीने बोंड कुरतडलं की ते प्रथिन तिच्या आतड्याच्या अस्तरातल्या ठरावीक रेणूला चिकटतं, अस्तराला भोकं पडतात, अळी मरते. पण असंख्य अळ्यांत एखादीच्या त्या रेणूची घडण जन्मतःच निराळी असते. कधीतरी जनुकाची नक्कल होताना झालेली ती चूक. बीटी नसलेल्या शेतात तिचा काही उपयोग नव्हता. बीटीच्या शेतात मात्र प्रथिन त्या अळीच्या आतड्याला चिकटत नाही. बाकीच्या मरतात, ती कोषात जाते, पतंग होऊन अंडी घालते. एका हंगामात अशा कितीतरी पिढ्या होतात. चाळणी तीच, आणि दर खेपेला वर उरणारे दाणे वाढत जातात. यालाच नैसर्गिक निवड म्हणायचं. इथे निवडणारा कोणी नसतो.

त्याच झाडावरचा कापूस मात्र माणसाने निवडलेला. रानकपाशीच्या सरकीला आखूड, विरळ तंतू असतात. हजारो वर्षं शेतकऱ्यांनी भरघोस, लांब धाग्याच्या बोंडांची सरकी राखून तीच पुढच्या वर्षी पेरली. ही कृत्रिम निवड. दोन्हींची रीत एकच: आधी फरक, मग वारसा, मग कोणाची संतती जास्त उरते ते. फक्त चाळणी माणसाच्या हातात आहे की नाही, एवढाच भेद.

बीटी कपाशीला भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. 2017 मध्ये विदर्भात न उमललेल्या गुलाबासारख्या डोमकळ्या दिसू लागल्या आणि वरून धडधाकट दिसणारी बोंडं आतून किडकी निघाली. अळी कोवळ्या बोंडात शिरते तेव्हा एवढी बारीक असते, की तिच्यामागे छिद्र बुजून जातं.

अळ्या बीटीवर अशा तगू लागण्याची वेळ लांबवण्याचा उपाय बियाण्याच्या पिशवीतच होता: 120 ग्रॅमचं बिगरबीटी पाकीट, शेताच्या कडेने लावायला. त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात आणि त्यांचे पतंग तगलेल्या पतंगांशी जुळावेत, हा हेतू. तग धरण्याचा गुण आई-बाप दोघांकडून आला तरच पुरता कामी येतो. अशा जोडीची पिल्लं बीटीवर सहसा मरतात. अनेकांनी ते पाकीट लावलंच नाही, आणि त्यामागचं कारण त्यांना नीट सांगितलं गेलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. वर डिसेंबरनंतरही फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात राखलेली कपाशी, उभी राहिली, की मुख्यतः कपाशीवर जगणाऱ्या या अळीला पुढची पिढी वाढवायला घरचंच ताट मिळतं.