मच्छिमारी होडीवरील दुसरें लहान यंत्र

कोंकणपट्टींत खाडीकांठीं ज्यांच्या नारळ-सुपारीच्या बागा आहेत, अशा शेतकऱ्यांपैकीं कित्येकांची एखाद्या मच्छिमारी होडींत भागी असते. शेतीच्या मासिकांत होडीच्या यंत्राविषयीं लिहिण्यास एवढें कारण पुरेसें आहे. शिवाय विहिरीवर पंप चालविणारा शेतकरी आणि समुद्रांत जाळें टाकणारा तांडेल या दोघांचाहि धंदा आतां एकेका यंत्रावर टांगलेला आहे. फरक इतकाच कीं, विहिरीवरचें यंत्र थांबलें तर पीक दोन दिवस तहानेलें राहतें. समुद्रांत यंत्र थांबलें तर होडी, जाळीं आणि माणसें हीं सर्व वारा नेईल तिकडे जाऊं लागतात.

विहिरीवर प्रथम ऑइल इंजिनें आलीं तेव्हां जुन्या शेतकऱ्यांनीं मोटेची धाव लगेच मोडली नाहीं. इंजिन अडलें तर बैल जुंपतां यावेत म्हणून नाडा आणि सोंदूर माळ्यावर जपून ठेवीत. होडीवरची मोट म्हणजे शीड आणि वल्हीं. यंत्र आल्यावर शिडाची काठी उतरली, वल्हीं थोडीं राहिलीं, आणि होडी मात्र मोठी व जड झाली. दोन-तीन टन वजनाची होडी चार खलाशांनीं वल्हवून वाऱ्याविरुद्ध परत आणणें हें होण्यासारखें नाहीं. म्हणून शिडाच्या जागीं दुसरें एखादें लहान यंत्र जवळ असावें, असें आमचें मत आहे.

हें यंत्र होडीच्या पोटांत बसवीत नाहींत. पिछाडीच्या फळीला बाहेरून स्क्रूंच्या चिमट्यांनीं अडकवितात. वर इंजिन, मध्यें उभा दांडा आणि खालीं पाण्यांत फिरणारा पंखा, अशी त्याची एकसंध रचना असते. नॉर्वेंत जन्मलेल्या व अमेरिकेंत मिलवॉकी शहरीं कारखाना काढणाऱ्या ओले एव्हिनरूड यानें १९०९ सालीं असें यंत्र विकावयास काढलें, तें दीड अश्वशक्तीचें होतें. हल्लीं चार ते सहा अश्वशक्तीचें, एका सिलिंडरचें फोर-स्ट्रोक यंत्र सुमारें २५ ते २८ किलो वजनाचें मिळतें. धडधाकट माणूस तें एकटा उचलूं शकतो.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां नुकसानीच्या अर्जांसोबत येणारे जबाब आम्ही पुष्कळ वाचले. होडीसंबंधीं जबाबांत ‘यंत्र बंद पडलें’ हें वाक्य असावयाचेंच. तें कां बंद पडलें, हें मात्र क्वचितच लिहिलेलें असे. कारणें वस्तुतः फार नाहींत. डिझेलमध्यें पाणी किंवा गाळ जातो, बॅटरी उतरते, यंत्र थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट चोंदते, नाहींतर पंख्याभोंवतीं दोर अगर जाळें गुरफटतें. यांतलें शेवटचें कारण आपल्या समुद्रांत मोठें, कारण जेथें मासळी तेथें सर्वांचींच जाळीं.

यंत्र थांबल्यावर पुढें काय होतें तें वाऱ्यावर अवलंबून आहे. दुपारीं खारे वारे किनाऱ्याकडे ढकलतात, आणि किनारा सगळाच पुळणीचा नसतो. मधून मधून खडकांच्या रांगा पाण्यांत शिरलेल्या आहेत. रात्रीं व पहांटे मतलई वारा सुटतो, तो होडीला उघड्या समुद्रांत नेतो. ऑगस्टांत मासेमारी सुरू होते तेव्हां नैर्ऋत्येचा जोर सरलेला नसतो व लाटाहि मोठ्या असतात. खाडीच्या मुखाशीं ओहोटीचें पाणी बाहेर येत असतां समोरून लाट आली, म्हणजे वाळूच्या दांड्यावर ती उभी राहून फुटते. तेथें दहा मिनिटें यंत्राविना राहणें हें बाहेर दहा तास राहण्यापेक्षां अधिक धोक्याचें आहे.

आतां यंत्र किती अश्वशक्तीचें घ्यावें? मालकाचा कल स्वभावतः मोठें घेण्याकडे असतो. त्यानें थोडा हिशेब करावा. पाण्याच्या रेषेवर २५ फूट लांब असलेल्या जड होडीचा स्वाभाविक वेग तासाला सुमारें साडेसहा सागरी मैल असतो. वेग दुप्पट करावयाचा तर बळ सुमारें आठपट लागतें, आणि उलट वेग निम्म्यावर आणला तर अष्टमांश बळ पुरतें. ज्या होडीला पुऱ्या वेगानें जाण्यास २० अश्वशक्ति लागते, ती अडीच अश्वशक्तीवर शांत पाण्यांत तीन मैलांच्या वर चालते. वारा व लाट यांसाठीं दुप्पट जमा धरली तरी पांच-सहा अश्वशक्ति पुरे. दहा अश्वशक्तीचें यंत्र ४० किलोंच्या घरांत जातें, पिछाडी दबते, आणि हलत्या होडींत तें हाताळण्यास दोन माणसें लागतात. पंखा मात्र बारीक आट्यांचा, म्हणजे एका फेऱ्यांत थोडें अंतर पण जोरानें रेटणारा मागून घ्यावा. हलक्या सहलीच्या होडीचा पंखा जड मच्छिमारी होडीला लावणें म्हणजे टांग्याचा घोडा नांगराला जुंपण्यासारखें आहे.

परंतु अश्वशक्तीपेक्षां महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे, आणि तिकडेच कमी लक्ष जातें. दुसऱ्या यंत्राचा पहिल्याशीं कसलाहि संबंध असतां कामा नये. त्याची टाकी वेगळी असावी, नळी वेगळी असावी, आणि तें बॅटरीवर नव्हे तर हाताच्या दोरीनें सुरू होणारें असावें. मुख्य यंत्रहि बाहेरून अडकविलेलें पेट्रोलचें असेल, तर दोहोंना एकाच टाकींतून तेल देण्याची सोय विकणारे दाखवितात. सोय खरी, परंतु टाकींत पाणी शिरलें तर दोन्हीं यंत्रें एकाच वेळीं थांबतील. अशा वेळीं दुसऱ्या यंत्राचे पैसे समुद्रांत टाकल्यासारखेच होत.

डिझेलच्या होडीवर पेट्रोलचें यंत्र आणतांना एक नवीन संकटहि आपण होडीवर घेतों. डिझेल सहजासहजीं पेटत नाहीं; पेट्रोलची वाफ ठिणगीनें पेटते, आणि ती हवेहून जड असल्यामुळें होडीच्या तळांत जाऊन सांचते. बहुतेक मोठ्या होड्यांवर स्वयंपाकाची चूल असते व विड्याहि ओढल्या जातात. म्हणून पेट्रोलची टाकी उघड्यावर, पिछाडीस, वारा खेळेल अशा जागीं बांधून ठेवावी. आंतल्या खणांत कधींहि ठेवूं नये. सहा अश्वशक्तीचें यंत्र पुऱ्या जोरावर तासाला सुमारें दोन-सव्वादोन लिटर पेट्रोल घेतें. १२ लिटरांत पांच तास, म्हणजे पंधरा सागरी मैलांची मजल होते. त्याहून अधिक सांठा करूं नये.

पेट्रोलच्या बाबतींत ऊसवाल्या वाचकांस एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. २०२५ सालीं आपल्या देशांत पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गांठला गेला. हें इथेनॉल आपल्याच उसाचें, मक्याचें आणि तांदुळाचें, व त्यापासून शेतकऱ्यास दोन पैसे मिळतात हें चांगलेंच आहे. परंतु इथेनॉल हवेंतील ओल ओढून घेतें. ओल प्रमाणाबाहेर गेली कीं इथेनॉल व पाणी मिळून टाकीच्या तळाशीं बसतें आणि नेमकें तेंच प्रथम यंत्रांत जातें. जमिनीवरच्या गाडीचें पेट्रोल चार दिवसांत संपतें. राखीव यंत्राचें तसेंच पडून राहतें, आणि तेंहि खाऱ्या दमट हवेंत. यास उपाय सोपा आहे. दर महिन्याला टाकींतील पेट्रोल काढून मोटारसायकलींत घालावें व टाकींत नवें भरावें. टू-स्ट्रोक यंत्राच्या पेट्रोलांत वंगण मिसळलेलें असतें, त्यामुळें तेथें ही सोय नाहीं. फोर-स्ट्रोक यंत्र पसंत करण्याचें आमचें हें एक कारण आहे.

बसविण्याविषयीं थोडेंसें. या यंत्रांचा दांडा आंखूड म्हणजे १५ इंचांच्या फळीसाठीं किंवा लांब म्हणजे २० इंचांच्या फळीसाठीं असतो. लाटेवर पिछाडी वर उचलली कीं आंखूड दांड्याचा पंखा हवेंत फिरतो. म्हणून लांबच घ्यावा. फळी त्याहून उंच असेल तर यंत्र खालीं सोडणारी जोडपट्टी बसवावी, ती आरपार बोल्टांनीं. चिमट्याचे स्क्रू थरथरीनें ढिले होतात. यंत्राला साखळी किंवा मजबूत दोर बांधून तो होडीला अडकवावा. यंत्र एका कडेला असल्यानें होडी वळूं पाहते. तें सरळ ठेवून मुख्य सुकाणूनें दिशा राखावी. आंतलें यंत्र असलेल्या होडींत सुकाणू राहतेंच. मुख्य यंत्र बाहेरचें असेल तर सुकाणू म्हणून तें पाण्यांत ठेवावें. दिशा साधत असेल तर वर उचलावें, म्हणजे ओढ कमी होते.

दर आठवड्यास हें यंत्र पाण्यांत दहा मिनिटें चालविलें पाहिजे. थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार मागें पडते कीं नाहीं तें पाहावें. ती नसेल तर यंत्र लगेच थांबवावें. कोरडें तर कधींच चालवूं नये, पाणी ओढणारी रबरी चकती क्षणांत जळते. परत आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपांत चालवून मीठ धुवावें आणि शेवटीं पेट्रोलची नळी काढून आंतलें तेल संपूं द्यावें. प्रत्येक खलाशाच्या हातून तें एकदां तरी सुरू झालेलें असावें. तांडेलासच तें येत असेल आणि तांडेलच आजारी पडला, तर काय?

समुद्रांत मुख्य यंत्र थांबलें तर प्रथम नांगर टाकावा, दुसरें यंत्र नंतर. पाणी नांगर पोंचण्याइतकें उथळ असेल तर होडी तेथेंच थांबते व विचारास वेळ मिळतो. पंख्यांत दोर अडकला असेल तर पिछाडीस आणखी कोणता दोर लोंबत आहे तें पाहून मगच लहान यंत्र पाण्यांत सोडावें. नाहींतर तोच दोर त्यासहि धरतो. वाऱ्याविरुद्ध नेट लावूं नये; तिरपें जाऊन जी खाडी वाऱ्याखालीं सांपडेल तींत शिरावें. आणि बिनतारी यंत्रावर सोळाव्या वाहिनीवर, अगर फोन लागत असेल तर तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर, यंत्र चालू असतांनाच कळवावें.

वादळांत मात्र याचा उपयोग समजूं नये. ११ नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळांत कोंकणच्या कित्येक होड्या समुद्रांत सांपडल्या. तसल्या वाऱ्यांत सहा अश्वशक्तीनें कांहींच साधत नाहीं. तेथें हवामान खात्याची सूचना ऐकून वेळींच परत फिरणें हाच उपाय.

राहतो प्रश्न खर्चाचा. होडीचा हिशेब करतांना विक्रींतून डिझेल, बर्फ, शिधा वजा घालून उरलेली रक्कम मालक व खलाशी यांच्यांत वाटतात. दुसरें यंत्र मालकाच्या भांडवलांतून घ्यावयाचें आणि त्यानें वांचणार आहेत ते खलाशी. मालक बहुधा घरीं असतो. भांडवलदार भागीदार शेतकरी तर समुद्रावर जातच नाहीं. यामुळें ही खरेदी वर्षानुवर्षें पुढें ढकलली जाते. आम्हांस असें वाटतें कीं, यंत्राची किंमत होडीच्या मालकीच्या खात्यावर टाकावी आणि त्याचें पेट्रोल, वंगण व दुरुस्ती हीं मात्र डिझेलप्रमाणेंच वाटणीपूर्वीं वजा करावीं. कागदावर हें एकदां लिहून भागीदारांच्या सह्या घेतल्या म्हणजे पुढील तंटा राहत नाहीं. १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळांत होडी वर ओढून झांपांनीं शाकारलेली असते. सुतारहि त्या दिवसांत मोकळा असतो. फळी मोजून जोडपट्टी बसवून घेण्यास तोच काळ सोईचा.