बटण सोडलं की ज्योत विझते

अंधेरीला राहणारी नणंद घरात नवा गीझर बसवते आणि जुना गॅस गीझर गावाकडे धाडते. आपण हौसेनं तो सिलिंडरला जोडतो. मग तक्रार सुरू होते, ज्योत टिकतच नाही.

जुन्या बनावटीच्या गीझरात एक छोटी ज्योत कायम जळत असते. मोठा बर्नर तिच्यावरच पेटतो. या ज्योतीत एका बारीक कांडीचं टोक असतं. कांडीत दोन वेगळे धातू जोडलेले असतात. टोक तापलं की किंचितशी वीज तयार होते आणि तेवढ्या विजेवर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली, कांडी गार झाली, की झडप आपोआप बंद. म्हणून पेटवताना बटण अर्धा मिनिट तरी दाबून धरायचं. पुष्कळ जणी घाई करतात.

एवढं करूनही विझली तर ज्योत नीट बघा. ती निळी हवी आणि कांडीच्या टोकाला लागायला हवी. पिवळी, मलूल असेल तर छिद्रात काजळी किंवा कोळ्याचं जाळं असू शकतं. कांडी सैल झालेली किंवा झिजलेलीही असते. मिस्त्री ती बदलून देतो. नव्या गीझरात छोटी ज्योत नसतेच, ठिणगी पडते. तिथं आधी सेल बदला. मग पाण्याची धार बघा. टाकी गीझरपेक्षा फार उंच नसेल तर पाण्याला जोर येत नाही आणि गीझर पेटत नाही.

पण अंधेरीच्या गीझरात आणखी एक मेख आहे. तिकडे बऱ्याच घरांत महानगर गॅसचा पाइपचा गॅस असतो. तो मुख्यतः मिथेन. आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्यूटेन. पाइपच्या गॅससाठी बर्नरची छिद्रं मोठी ठेवतात. तोच बर्नर सिलिंडरला जोडला की गॅस जास्त येतो, हवा कमी पडते, ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, गरगरतं आणि माणूस तिथंच पडतो. जानेवारी 2020 मध्ये बोरिवलीत पंधरा वर्षांची एक मुलगी बंद न्हाणीघरात गॅस गीझरमुळे गेली.

म्हणून गीझर कोणत्या गॅसचा, हे त्याच्या अंगावरच्या पट्टीवर वाचा. पाइपचा असेल तर कंपनीच्या माणसाकडून सिलिंडरसाठीचे भाग बसवून घ्या. ते मिळत नसतील तर गीझर परत पाठवा, नणंद रागावली तरी चालेल. बसवायचा तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत.

आणि बटणात काडी खोचून किंवा दोरीनं बांधून ज्योत टिकवणारे महाभाग असतात, त्यांना गीझरला हात लावू देऊ नका. विझलेली ज्योत लगेच पेटवू नका. गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा, पाच मिनिटं थांबा. तरी वास आला तर काडी ओढायची नाही, दिव्याचं बटणही दाबायचं नाही. सिलिंडर बंद करून बाहेर या आणि 1906 वर फोन करा.