फॉर्मवर ‘मजूर’ लिहिण्याआधी हे वाचा



मागच्या आठवड्यात आपल्या एका सभासदाचा मुलगा सोसायटीत आला. आखातात मत्स्यपालनाचं काम मिळतंय म्हणाला. एजंटाने भरलेला फॉर्म पाहिला, तर कामाच्या रकान्यात ‘मजूर’. पोरगा आठ वर्षं बापाबरोबर नावेवर आहे. जाळं विणतो, इंजिन खोलून परत जोडतो. मग मजूर कसा?

हा शब्द महागात पडू शकतो. कामांची जी जागतिक वर्गवारी आहे, आणि तिच्यावरून केलेली आपल्या सरकारची २०१५ ची, तिच्यात मासेमार आणि मत्स्यपालक सहाव्या गटात, म्हणजे कुशल कामगारांत येतात. मासेमारीतला मजूर नवव्या गटात, सगळ्यात खालच्या पातळीवर. सौदीने २०२५ मध्ये परदेशी कामगारांचे तीन थर केलेत: उच्च कुशल, कुशल आणि साधे. थर ठरवताना शिक्षण, अनुभव, पगार पाहतात.

ब्रिटनच्या नियमात तर ९ मीटर किंवा मोठ्या मासेमारी बोटीवरचा खलाशी कुशल धरायचा, तर त्या नोकरीला किमान ३ वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. शिवाय इंग्रजीची परीक्षा. २२ जुलै २०२५ पासून तिथली सर्वसाधारण अट पदवीच्या पातळीवर गेलीय. खालची कामं ठराविक यादीत असली तरच चालतात. म्हणून कोणी ‘लंडन पक्कं’ म्हणालं तर आधी यादी दाखवायला सांगा.

आता आपल्या घरचं. दहावी पास नसेल तर पासपोर्ट ईसीआर प्रकारचा मिळतो, आणि आखातासह १८ देशांत कामाला जाताना सरकारची वेगळी मंजुरी लागते. दहावीची मार्कशीट असेल तर पासपोर्ट काढतानाच जोडा. एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का बघा. त्याला ३०,००० रुपये आणि जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

नर्मदेच्या धरणांच्या पाण्यावर आपली पोरं कामच करत मोठी झाली, पण कागद कोणाकडेच नाही. सोसायटीच्या रजिस्टरात नाव असेल तर किती वर्षं, कोणतं काम, याचा दाखला आम्ही देऊ. वर्षं वाढवून मात्र मागू नका. खोटा दाखला पकडला गेला तर पोरगा तर अडकेलच, पुढच्या पोरांच्या खऱ्या दाखल्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

सही करण्याआधी फॉर्म घेऊन या. मिळून वाचू.

— सचिव