सुरतेत खेळून गेलेली मालविका बनसोड

2022 च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतलं बॅडमिंटन आपल्या सुरतेत, दीनदयाळ उपाध्याय इनडोअर स्टेडियममध्ये झालं होतं. महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राची मालविका बनसोड छत्तीसगडच्या आकर्षी कश्यपकडून हरली, रौप्यपदक मिळालं. बाहेर पडताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "सायनाला हरवणारी ती हीच का हो?" हो, हीच.

मालविका नागपूरची, जन्म 2001 चा, डावखुरी. आईवडील दोघेही दंतवैद्य. मुलीच्या खेळासाठी आईने क्रीडाशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षणही घेतलं. मालविकाने अभ्यासही सोडला नाही; दहावी-बारावीला नव्वद टक्क्यांच्या वर गुण. 2019 मध्ये तिने मालदीवची स्पर्धा जिंकली. जानेवारी 2022 मध्ये दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला 21-17, 21-9 असं हरवलं आणि त्याच महिन्यात लखनौला सय्यद मोदी स्पर्धेच्या अंतिम फेरीत सिंधूपर्यंत पोहोचली. सप्टेंबर 2024 मध्ये चायना ओपनमध्ये तिने पॅरिस ऑलिंपिकची कांस्यपदक विजेती ग्रेगोरिया तुनजुंग हिला हरवलं.

आता प्रश्न येतो, एवढं जिंकूनही जागतिक क्रमवारीत वर चढायला इतकी वर्षं का लागतात? आमच्या बँकेच्या भाषेत सांगतो. क्रमवारी म्हणजे खातं. मालदीवसारख्या छोट्या स्पर्धेतून थोडे गुण जमा होतात, चायना ओपनसारख्या 'सुपर 1000' स्पर्धेतून भरपूर. पण मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळायलाच आधी शिल्लक चांगली हवी. शिवाय मोजतात फक्त गेल्या 52 आठवड्यांतले निकाल, त्यातलेही सर्वोत्तम दहा. वर्ष उलटलं की जुनी जमा आपोआप वजा. व्याजाचं तर नावच नको!

म्हणून दुखापत एवढी महाग पडते. जून 2025 मध्ये इंडोनेशिया ओपनमध्ये मालविका आघाडीवर होती, तेवढ्यात गुडघा दुखावला आणि सामना सोडावा लागला. खेळ बंद म्हणजे जमा बंद. वजा मात्र चालूच.

हा हिशेब मला सवयीने कळतो. घरचा मात्र चुकला होता. आमची मुलगी शाळेत छान खेळायची. दहावीचं वर्ष लागलं आणि मीच तिची रॅकेट माळ्यावर टाकली. ती तेव्हा काही बोलली नाही. आता नात शिकायला जाते. परवा तिला कोर्टवर सोडायला निघालो, तर मुलगी म्हणाली, "बाबा, हिच्या दहावीला तुम्ही मध्ये बोलायचं नाही." नाही बोलणार.