बरणीतला वायू

बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत एका वेल्डिंगच्या दुकानामागे पत्र्याची शेड आहे. तिथल्या स्टुलावर एक बरणी असते. आत स्टीलच्या सात पट्ट्या, मध्ये रबराचे वायसर, आणि भोवती कॉस्टिक पोटॅश घातलेलं पाणी. वीज फक्त टोकाच्या दोन पट्ट्यांना. बॅटरीचे चिमटे लावले की क्षणभर काहीच होत नाही. मग पट्ट्यांच्या फटींतून बुडबुड्यांची भुकटी उठते आणि पाणी ताकासारखं पांढरं होतं. झाकणातली नळी साबणाच्या पाण्यात सोडलेली. ओंजळभर फेस जमला की दुकानदार नळी बाजूला काढतो, सगळ्यांना मागे सरकवतो आणि लांब काडीच्या टोकाची वात फेसाला टेकवतो. सुतळी बॉम्बसारखा आवाज होतो. शेजारच्या घरातून कोणी तरी ओरडतं. आणि जमलेल्या प्रत्येकाच्या मनात तोच एक विचार येतो: पाणी पेटलं, म्हणजे पाण्यावर गाडी चालेल.

मी या शेडमध्ये बरेच रविवार घालवले आहेत. माझा जीव त्या बरणीत आहे, म्हणूनच तिच्याबद्दल नीट लिहावंसं वाटलं.

पाण्याचं विजेने विघटन ही गोष्ट जुनी. 1800 साली व्होल्टाची बॅटरी निघाल्याची बातमी कळताच निकल्सन आणि कार्लाइल या दोघा इंग्रजांनी तिच्या तारा पाण्यात बुडवल्या आणि वायू निघताना पाहिले. 1830च्या दशकात फॅरडेने त्याचा हिशोब बांधून दिला: जेवढी वीज पाण्यातून वाहील तेवढाच वायू निघेल, थेंबभरही जास्त नाही. या हिशोबाला आजवर कोणी धक्का लावू शकलेलं नाही. पण तो चुकवण्याचा ध्यास मात्र दीडशे वर्षांनंतर पेटला.

बल्गेरियातून ऑस्ट्रेलियात गेलेल्या युल ब्राउनने 1970च्या दशकात हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे न करता एकत्रच ज्योतीत नेले. त्याचं नाव त्या मिश्रणाला चिकटलं; आपल्याकडेही ते ब्राउन गॅस म्हणूनच ओळखलं जातं. सोनारकामात झाळ द्यायला जे पाण्यावरचं वेल्डिंग मशीन वापरतात, त्यात हाच वायू असतो. सिलिंडर लागत नाही, ज्योत सुईसारखी बारीक येते. मशीनचा प्लग भिंतीतल्या सॉकेटला असतो आणि त्याचं बिल येतं, हे सोनाराला माहीत असतं. तिथे कोणाचीच फसवणूक नाही.

गुंता सुरू झाला तो अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ग्रोव्ह सिटीच्या स्टॅन्ले मेयरपासून. एकात एक बसवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्या, मध्ये साधं पाणी, आणि सलग विजेऐवजी तुटक ठोके. ठोक्यांच्या लयीने पाण्याचा रेणू जवळजवळ फुकटात फुटतो, असं तो सांगे. साधारण 83 लिटर पाण्यात लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क जाणारी बग्गी हा त्याचा दावा. 1990 साली त्याला पेटंटही मिळालं. पेटंट म्हणजे यंत्र दाव्याप्रमाणे चालतं याचा दाखला नव्हे, हे मात्र फार कमी लोक लक्षात घेतात. 1996 साली पैसे गुंतवलेले दोघे कोर्टात गेले. तज्ज्ञांनी त्याचा सेल तपासला; त्यात नेहमीच्या विद्युत विघटनापलीकडे काही आढळलं नाही. कोर्टाने ती ढळढळीत फसवणूक ठरवून 25,000 डॉलर परत करायला लावले. 1998च्या मार्चमध्ये एका उपाहारगृहात तो अचानक कोसळून वारला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं शवतपासणीत निघालं. पण विषप्रयोगाची कुजबुज उठली ती उठलीच. मेलेल्या माणसाला कोणी प्रश्न विचारू शकत नाही, आणि त्याचे आराखडे जगभर फिरत राहिले. 2012 साली पाकिस्तानात आगा वकार नावाच्या माणसाने पाण्यावर गाडी चालवल्याचा दावा केला, तेव्हा मंत्र्यांपासून वाहिन्यांपर्यंत अनेकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं.

आमच्या शेडमध्येही त्या नळ्या झाल्या. बडनेऱ्यात रेल्वेचं जंक्शन, वॅगन दुरुस्तीचा कारखाना, 1983पासूनचं राम मेघे अभियांत्रिकी महाविद्यालय. लोखंडाशी आणि सर्किटाशी हात असलेली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. 316 एल जातीचं स्टील हवं, 202 चालत नाही. आतल्या-बाहेरच्या नळीत मिलिमीटरभराची फट सगळीकडे सारखी हवी. ठोके देणारं सर्किट 555 या स्वस्तातल्या चिपवर होतं. मग आठवडेच्या आठवडे थोडी थोडी वीज देऊन नळ्यांवर पांढरट थर बसू द्यायचा. मेयरच्या वाटेने जाणारे याला नळ्या तयार करणं म्हणतात. त्या थराची लोक पोटच्या पोरासारखी काळजी घेतात. आमचाही थर बसला. वायू निघाला. आणि मीटरवरचा हिशोब मांडला, तर विजेच्या मानाने वायू खरोखरच दुप्पट!

त्या संध्याकाळी आम्ही जेवलो नाही. दुकानदाराच्या म्हाताऱ्या वडिलांनी मात्र खाटेवरूनच विचारलं, "काहून बॉ, मीटर बरोबर हाय ना?"

मीटर बिघडलेलं नव्हतं. आमची पद्धत चुकली होती. समजा 12 व्होल्टचा, 10 अँपिअरचा ठोका निम्मा वेळ चालू आणि निम्मा वेळ बंद आहे. खरी वीज खर्च होते 60 वॅट. साधं मीटर सरासरी दाखवतं: 6 व्होल्ट, 5 अँपिअर. दोघांचा गुणाकार 30. निम्मी वीज कागदावरच गायब! जगात कितीतरी चमत्कार एवढ्या एका गुणाकारात जन्मले असतील. दुसरी चूक वाफेची. पाणी 60 अंशांवर गेलं की नळीतून येणाऱ्या वायूत पाचवा हिस्सा निव्वळ वाफ असते, आणि वायू मोजणारं यंत्र तीही मोजतं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात पाणी आधीच चाळिशीत असतं, तेव्हा तिथवर जायला वेळ लागत नाही.

मग आम्ही पहिल्या बरणीकडे परतलो आणि नीट मोजलं. सलग 12 व्होल्ट, 10 अँपिअर, म्हणजे 120 वॅट. वायू गार पाण्यातून नेऊन पालथ्या बाटलीत धरला. दोन लिटरची बाटली भरायला 3 मिनिटं 20 सेकंद लागली. मिनिटाला 600 मिलिलिटर, म्हणजे दर वॅटला 5. फॅरडेच्या हिशोबाने या सहा फटींतून 700च्या आसपास निघायला हवा होता. उरलेली वीज पट्ट्यांना वळसा घालून कडेच्या पाण्यातून पळत होती. आणि वायू जाळून मिळणारी उष्णता खर्च झालेल्या विजेइतकीच धरली, तर तिशीच्या तापमानाला हा आकडा पावणेआठच्या आसपास येतो. कोणी दहा-बारा सांगितला, की मी आता मीटर कुठे लावलं होतं ते विचारतो.

गाडीचा हिशोबही तेव्हाच मांडला. मिनिटाला 700 मिलिलिटर निघाला तरी त्या वायूत जेमतेम 90 वॅटची उष्णता. लिटरला 60 किलोमीटर देणारी मोटारसायकल पन्नासच्या वेगाने जाताना पेट्रोलमधून सात हजार वॅटच्या वर उष्णता खाते. म्हणजे हातभार शेकड्याला एक-सव्वा, आणि बरणीला लागणारे 120 वॅट पुन्हा त्याच इंजिनातून काढायचे. गाडीला अशा बरणीचं किट बसवल्यावर ॲव्हरेज वाढलं असं सांगणारे खोटंच बोलतात असं नाही. नवीन यंत्र बसवलेला माणूस गाडीही जपून चालवतो.

धोक्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. हा वायू साठवायचा नसतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेमक्या स्फोटाच्या प्रमाणात एकत्र असतात, आणि अंगातल्या नायलॉनच्या शर्टाची ठिणगीही त्यांना पुरते. वाटेत पाण्याचा बबलर नसेल तर ज्योत उलटी बरणीत शिरते. कॉस्टिक डोळ्यात उडालं तर डोळा जातो. आणि मीठ घालून प्रयोग करू नये, हे आम्हाला इथल्याच पाण्याने शिकवलं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा बडनेऱ्यापासून लांब नाही. एका मित्राने भातकुलीकडच्या बोअरचं पाणी आणलं: मीठ त्यात आयतंच आहे, कॉस्टिकचे पैसे वाचतील. पाच मिनिटांत शेडमध्ये ब्लीचिंग पावडरचा वास भरला. तो क्लोरीन होता. सगळे खोकत बाहेर पळाले. पट्ट्या तपकिरी झाल्या आणि तळाशी गंजाचा चिखल बसला. स्टीलमधलं क्रोमियम विरघळून त्यात विषारी रूपात उतरतं. तो चिखल नालीत ओतण्याजोगा नसतो.

एवढं सगळं झाल्यावर शेड बंद व्हायला हवी होती, पण झाली नाही. उलट आता तिथे पूर्वीपेक्षा जास्त काम चालतं. कारण असं: एक किलो हायड्रोजन जाळला तर साधारण 39.4 युनिटची उष्णता मिळते. कारखान्यातली विघटन यंत्रं तो काढायला 50च्या वर युनिट खातात. फुकटची वीज इथे नाही. पण मधली ही दहा-बारा युनिटं खरी आहेत, आणि ती वाचवायला फॅरडेशी भांडावं लागत नाही. 2022 साली ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँगच्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या सेलमध्ये हा खर्च 40.4 युनिटवर आणून दाखवला. त्यांना ठोके लागले नाहीत, गुप्त थरही लागला नाही. पट्टीला चिकटलेला बुडबुडा तेवढी जागा अडवतो आणि विजेची वाट लांबवतो, म्हणून त्यांनी बुडबुडेच होऊ दिले नाहीत. पाणी तळाशी ठेवलं, दोन पट्ट्यांमध्ये सच्छिद्र पडदा उभा धरला, आणि समईच्या वातीत तेल चढावं तसं पाणी त्यात चढू दिलं. वायू थेट पट्टीच्या पाठीकडून बाहेर पडतो.

हे मी शेडमध्ये वाचून दाखवलं, तेव्हा दुकानदार बराच वेळ बरणीकडे बघत बसला. आमच्या बरणीत पाणी ताकासारखं पांढरं होतं आणि तेच बघायला लोक जमतात. तो पांढरेपणा म्हणजेच नुकसान, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. "मंग वात तं आपल्याकडं हाय ना भाऊ," तो म्हणाला आणि घरातून जुन्या धोतराची पट्टी फाडून घेऊन आला. कॉस्टिकमध्ये सुती कापड फुगतं आणि आटतं. पहिली पट्टी तासाभरात गोळा झाली. दुसरी त्याने स्टीलच्या दोन जाळ्यांमध्ये ताणून शिवली आहे. तिच्यातून पाणी चार बोटं चढतं, पाचव्या बोटाला थांबतं. पट्टीवर त्याने पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे, आणि वहीत तारीख, तापमान, व्होल्ट, अँपिअर अशी घरं आखली आहेत. मीटर कुठे लावलं होतं, त्याचंही एक घर आहे.